दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रोग्राम नेताना फाईल पाथ कसे सांभाळायचे

विंडोजवर लिहिलेला एक छोटा प्रोग्राम मी पहिल्यांदा लिनक्स सर्व्हरवर चढवला, तेव्हा तो कुठेच अडखळला नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, शेवटी ‘अहवाल तयार झाला’ असा निरोपही आला. फक्त ‘अहवाल’ नावाचं फोल्डर रिकामं होतं. बरीच शोधाशोध केल्यावर दिसलं, की त्या फोल्डरच्या शेजारीच एक फाईल पडली आहे आणि तिचं अख्खं नाव आहे: अहवाल\जून.सीएसव्ही. बॅकस्लॅशसकट एकच सलग नाव.

लिनक्सचं यात काही चुकलं नव्हतं. तिथे फाईलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: स्लॅश आणि शून्य मूल्याचा बाइट. बाकी सगळं चालतं, बॅकस्लॅशसुद्धा. मी ज्याला ‘या फोल्डरच्या आत’ असं समजत होतो, ते लिनक्सने एक साधं अक्षर म्हणून वाचलं.

पाथ, म्हणजे फोल्डरांमधून फाईलपर्यंत नेणारा पत्ता, दिसतो अक्षरांच्या ओळीसारखा, म्हणून आपण त्याला स्ट्रिंगसारखं वागवतो. अधिकचं चिन्ह लावून जोडतो, स्लॅशवर तोडतो, दोन पाथ समान आहेत का ते थेट ताडून बघतो. पण त्या ओळीचं व्याकरण प्रत्येक सिस्टीममध्ये वेगळं आहे. नुसते स्लॅश उलटे केले की झालं असं सुरुवातीला वाटतं. तेवढ्याने भागत नाही. पोर्टिंगच्या, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या सिस्टीमवर नेण्याच्या, कामात मी ज्या क्रमाने जातो, तोच क्रम खाली ठेवला आहे. फाईलची, फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये येतील.

१. आधी शोधून यादी करा

कोडला हात लावण्याआधी अख्ख्या प्रकल्पात शोध घ्या. अवतरणचिन्हांतले स्लॅश आणि बॅकस्लॅश, ‘सी:’, ‘/टीएमपी’, ‘/होम’, स्लॅशवर केलेलं स्प्लिट, स्लॅश बदलणारं रिप्लेस, आणि फोल्डरचं नाव अधिक फाईलचं नाव अशी जोडणी: एवढं शोधलं तरी बहुतेक जागा सापडतात. सोर्स कोडपाशी थांबू नका. कॉन्फिगरेशन फाईल्स, बिल्ड स्क्रिप्ट, चाचण्यांचा डेटा आणि डेटाबेसचे कॉलम इथेही पाथ दडलेले असतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दिवस लपून राहतात ते डेटाबेसमधले, कारण तिथे प्रोग्रामरची नजर जात नाही.

एक जागा हमखास सुटते. पाथ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये अनेक फोल्डर एकापुढे एक लिहिलेली असतात. लिनक्स आणि मॅकओएसवर त्यांच्यामध्ये कोलन असतो, विंडोजवर अर्धविराम. लिनक्सवरचा ‘कोलनवर तोड’ हा कोड विंडोजवर आला की ‘सी:\टूल्स’चे दोन तुकडे होतात: एक ‘सी’ आणि एक ‘\टूल्स’. हे चिन्ह स्वतः लिहू नका. पायथनमध्ये ओएस.पाथसेप, नोडमध्ये (नोड.जेएस) पाथ.डेलिमिटर, जावामध्ये फाईल.पाथसेपरेटर अशी तयार मूल्यं आहेत.

२. बॅकस्लॅश मुळात आला कुठून

१९८१ साली आलेल्या डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाईल्स एकाच पातळीवर असायच्या आणि कमांडला पर्याय द्यायला स्लॅश वापरला जायचा. १९८३ मध्ये डॉस २.० आलं, त्यात फोल्डर आले. पण युनिक्समध्ये फोल्डरसाठी जो स्लॅश होता तो इथे आधीच कामाला लावलेला होता. म्हणून बॅकस्लॅश घेतला गेला आणि विंडोजने तो पुढे चालवला.

हा इतिहास माहीत असला की एक गोष्ट नीट कळते. विंडोजची बहुतेक सिस्टीम फंक्शन्स साधा स्लॅशही स्वीकारतात. फाईल उघडताना ‘डेटा/यादी.टीएक्सटी’ दिलं तरी ती उघडते. त्यामुळे ‘सगळीकडे साधा स्लॅशच लिहा’ हा सल्ला बराचसा खरा आहे, आणि सी भाषेतल्या इन्क्लूडच्या ओळींत तर तो पाळाच. पण जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या स्वतःच्या कमांड स्लॅशला आजही पर्याय समजतात. ‘\\?\’ने सुरू होणाऱ्या पाथमध्ये विंडोज कोणतीही दुरुस्ती करत नाही, तिथे साधा स्लॅश चालत नाही. आणि विंडोजकडून तुम्हाला परत मिळणारा पाथ बॅकस्लॅशचाच असतो. तुमचा स्लॅशवाला पाथ आणि तो, स्ट्रिंग म्हणून ताडले तर वेगळे निघतात.

बॅकस्लॅश कोडमध्ये हाताने लिहिला की दुसराच घोळ होतो. बहुतेक भाषांत तो एस्केपचं, म्हणजे पुढच्या अक्षराला खास अर्थ देणारं, चिन्ह आहे. ‘सी:\न्यू\टेबल’ असं रोमनमध्ये लिहून बघा: बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ होते, बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो, आणि पाथचं पार मातेरं होतं. पायथनमध्ये ‘सी:\युजर्स’ साध्या अवतरणात लिहिलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही, कारण बॅकस्लॅशनंतर मोठा यू आला की पुढे आठ अंकी युनिकोड क्रमांक येणार असं पायथन धरून चालतं. रॉ स्ट्रिंग, म्हणजे बॅकस्लॅशला साधं अक्षर मानणारी स्ट्रिंग, वापरली की हे टळतं, पण असा पाथ कोडमध्ये लिहायची वेळच येऊ नये, हे जास्त बरं.

३. पाथचं काम पाथच्या लायब्ररीला द्या

आता यादीतली एकेक जागा घ्या आणि स्ट्रिंगची जोडतोड काढून टाका. आजच्या बहुतेक मोठ्या भाषांत यासाठी सोय आहे. पायथनमध्ये ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, पाथलिब आहे. जावामध्ये २०११ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून एनआयओ या लायब्ररीतला पाथ आहे. सी++१७ मध्ये फाईलसिस्टीम लायब्ररी आली. रस्टमध्ये पाथ आणि पाथबफ, नोडमध्ये पाथ मॉड्यूल. पायथनमध्ये लिहायचं ते इतकंच:

पाथ("अहवाल") / "२०२४" / "जून.सीएसव्ही"

इथला स्लॅश हा पाथलिबचा जोडणारा ऑपरेटर आहे. विंडोजवर यातून बॅकस्लॅशचा पाथ तयार होतो, लिनक्सवर स्लॅशचा. फाईलचं नाव, एक्सटेन्शन, वरचं फोल्डर हेही त्याच वस्तूकडे मागायचं. शेवटच्या टिंबापर्यंत अक्षरं मोजत बसायचं नाही.

या लायब्ररींमध्येही दोन खाचखळगे आहेत, आणि नवख्याचा पाय त्यात हमखास जातो.

पहिला: जोडताना दुसरा भाग मुळापासून सुरू होणारा असेल, तर पायथनमध्ये पहिला भाग पूर्ण टाकून दिला जातो. सी शार्पच्या पाथ.कम्बाइनचंही तसंच. ‘अपलोड’ या फोल्डरला वापरकर्त्याने दिलेलं ‘/ईटीसी/पासवर्ड्स’ जोडलंत, तर हातात फक्त ‘/ईटीसी/पासवर्ड्स’ उरतं. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बाहेरून आलेलं नाव जोडल्यावर तयार झालेला पूर्ण पाथ अजून आपल्याच फोल्डरच्या आत आहे ना, हे तपासल्याशिवाय फाईल उघडू नका.

दुसरा गो भाषेतला. तिथे पाथ आणि फाईलपाथ अशी दोन पॅकेजेस आहेत. पहिलं फक्त स्लॅशच्या पाथसाठी, म्हणजे वेबच्या पत्त्यांसारख्या गोष्टींसाठी. डिस्कवरच्या फाईल्ससाठी दुसरं. लिनक्सवर दोन्ही सारखीच वागतात, म्हणून चूक विंडोजवर गेल्यावरच दिसते.

कधी लिनक्सवर बसून विंडोजचा पाथ वाचावा लागतो, उदाहरणार्थ विंडोजवरून आलेली लॉग फाईल तपासताना. तेव्हा पायथनमध्ये प्युअरविंडोजपाथ आणि नोडमध्ये पाथ.विन३२ वापरा. तुम्ही कोणत्याही सिस्टीमवर असा, ते विंडोजचंच व्याकरण लावतात.

४. साठवताना एकच रूप

प्रोग्रामच्या बाहेर जाणारा पाथ, मग तो डेटाबेसमध्ये असो, जेसॉन फाईलमध्ये असो की दुसऱ्या प्रोग्रामला पाठवलेला असो, नेहमी साध्या स्लॅशने आणि एखाद्या ठरलेल्या मूळ फोल्डरच्या सापेक्ष लिहा. ‘सी:\प्रकल्प\चित्रे\लोगो.पीएनजी’ऐवजी ‘चित्रे/लोगो.पीएनजी’. मूळ फोल्डर कोणतं, ते प्रत्येक मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये एकदाच सांगा. डेटाबेसमध्ये जुने पूर्ण पाथ असतील, तर ते बदलणारी स्क्रिप्ट आत्ताच लिहा आणि एकदाच चालवा. वाचताना दरवेळी दुरुस्ती करत राहिलात तर ती दुरुस्ती कोडभर पसरते.

झिप फाईल हे याचं चांगलं उदाहरण. झिपच्या नियमांप्रमाणे आतली नावं साध्या स्लॅशनेच लिहायची असतात. तरी डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.६.१ पूर्वीच्या आवृत्त्या, फोल्डरचं झिप करताना, बॅकस्लॅश लिहायच्या. अशी झिप दुसऱ्या सिस्टीमवर उघडली की फोल्डरांऐवजी बॅकस्लॅशवाल्या लांबलचक नावांच्या फाईल्स मिळू शकतात, अगदी माझ्या अहवालासारख्या. बाहेरून आलेली झिप सोडवताना दोन्ही प्रकारचे स्लॅश येतील असं धरूनच चला.

५. लहान आणि मोठी अक्षरं

विंडोजवरून लिनक्सवर जाताना सर्वांत जास्त वेळ इथे जातो, असं मी खात्रीने म्हणेन. लिनक्सवर सहसा मोठ्या एलने लिहिलेलं ‘लोगो’ आणि लहान एलने लिहिलेलं ‘लोगो’ या दोन वेगळ्या फाईल्स असतात. विंडोज आणि मॅकओएस, दोघांचीही नेहमीची पद्धत वेगळी: नाव तुम्ही लिहिलंत तसं जपून ठेवायचं, पण शोधताना लहान-मोठ्यात फरक करायचा नाही. मॅक आतून युनिक्स असल्यामुळे तो लिनक्ससारखा वागेल असं अनेकांना वाटतं. एपीएफएस ही त्याची आजची फाईल सिस्टीमसुद्धा, मुद्दाम दुसरा पर्याय निवडला नाही तर, लहान-मोठ्यात फरक करत नाही.

देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही, त्यामुळे मराठीत विचार करताना तो डोळ्यांना पटकन टोचत नाही. म्हणून नियम यंत्रवत पाळलेला बरा: प्रकल्पातल्या सगळ्या रोमन फाईलनावांत लहान अक्षरं, आणि कोडमध्ये ती जशीच्या तशी.

आधीच मिसळलेली नावं असतील तर ती सुधारताना गिटमध्ये अडचण येते. विंडोजवर किंवा मॅकवर फाईल मॅनेजरमध्ये नावातलं नुसतं लहान-मोठं अक्षर बदललंत, तर गिटला तो बदल दिसतही नाही. गिट एमव्ही ही कमांड वापरा. तरी ऐकत नसेल तर दोन टप्प्यांत करा: आधी तिसऱ्याच एखाद्या नावावर न्या, कमिट करा, मग हव्या त्या नावावर आणा.

उलट्या दिशेने जाताना प्रश्न आणखी अवघड होतो. लिनक्स कर्नेलच्या स्वतःच्या सोर्समध्ये, नेटफिल्टरच्या भागात, ‘एक्सटी_मार्क.एच’ या नावाच्या दोन फाईल्स एकाच फोल्डरमध्ये आहेत, एकीत ‘मार्क’ मोठ्या अक्षरांत आणि दुसरीत लहान. साध्या विंडोज फोल्डरमध्ये तो सोर्स उतरवला की दोघींपैकी एकच टिकते. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून एखाद्या फोल्डरपुरता हा भेद चालू करता येतो, पण तुमच्या वापरकर्त्यांकडून ती अपेक्षा ठेवू नका, नावंच बदला.

दोन पाथ एकाच फाईलचे आहेत का हे बघायला दोन्ही लहान अक्षरांत आणून ताडू नका. लिनक्सवर ते सरळ चूक आहे, आणि विंडोजवर एनटीएफएस या तिथल्या नेहमीच्या फाईल सिस्टीमचा लहान-मोठ्याचा तक्ता तुमच्या प्रोग्रामिंग भाषेच्या तक्त्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. पायथनमध्ये सेमफाईल, सी++ मध्ये इक्विव्हॅलंट अशी फंक्शन्स थेट फाईल सिस्टीमलाच विचारतात. तीच वापरा.

६. नावात काय चालतं

विंडोजवर नावात ही चिन्हं चालत नाहीत: < > : " / \ | ? * . यांतला कोलन विशेष त्रास देतो, कारण लॉगच्या नावात वेळ घालायची सवय सगळ्यांनाच असते. लिनक्सवर ‘नोंद-१४:३०.लॉग’ ही सरळ फाईल आहे. विंडोजवर हेच नाव देऊन प्रोग्रामने फाईल उघडली, तर एरर येईल असं वाटतं. तसं होत नाही. एनटीएफएसमध्ये कोलन म्हणजे त्याच फाईलचा दुसरा डेटाप्रवाह. ‘नोंद-१४’ नावाची शून्य बाइटची फाईल दिसते आणि लिहिलेला सगळा मजकूर ‘३०.लॉग’ नावाच्या, सहज न दिसणाऱ्या प्रवाहात जातो. डेटा गेला असं वाटून माणूस घाबरतो. वेळ लिहायची तर १४-३० अशी लिहा.

काही नावं विंडोजने उपकरणांसाठी राखून ठेवली आहेत: कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ते कॉम९ आणि एलपीटी१ ते एलपीटी९. पुढे एक्सटेन्शन लावूनही ती वापरू नयेत. ‘ऑक्स.सी’ हे नाव लिनक्सवर निरुपद्रवी आहे आणि विंडोजवर ते रिपॉझिटरी उतरवताना अडवतं. नावाच्या शेवटचं टिंब किंवा मोकळी जागाही विंडोज सहसा गुपचूप कापून टाकतं. वापरकर्त्याने दिलेल्या शीर्षकावरून फाईलचं नाव बनत असेल, तर हे सगळं तपासणारं एकच फंक्शन लिहा आणि ते प्रत्येक सिस्टीमवर तसंच चालवा, लिनक्सवरही.

७. ऱ्याचा घोळ

मराठी नावांच्या फाईल्स हाताळणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकच सलग चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, युनिकोडच्या नियमानुसार ती समानच आहेत. पण बाइट वेगळे आहेत. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या रीतीने सात चिन्हांचा, दुसऱ्या रीतीने आठ.

मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टीम नावं साठवताना अशी अक्षरं स्वतःहून फोडायची. २०१७ मध्ये एपीएफएस आली. ती नाव दिलं तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एक मानते. लिनक्स आणि एनटीएफएस काहीच करत नाहीत, दोन्ही रूपांना दोन स्वतंत्र नावं समजतात. म्हणून जुन्या मॅकवरून आलेल्या ‘दुसऱ्या सत्राची यादी’ या फाईलमध्ये र आणि नुक्ता सुटे असतात, तुमच्या डेटाबेसमध्ये सलग ऱ असतो, आणि लिनक्स सांगतं की अशी फाईल नाही. डोळ्यांसमोर फाईल दिसत असताना असा निरोप आला, की माणूस परवानग्या, डिस्क, नेटवर्क सगळं तपासतो. अक्षराकडे कुणी बघत नाही. मी स्वतः यात एक अख्खा दिवस घालवला आहे. शेवटी नावातले बाइट सोळाच्या पायात (हेक्साडेसिमलमध्ये) छापले आणि नुक्ता सापडला.

उपाय साधा आहे. नाव बाहेरून आत येतं त्याच क्षणी ते एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणा; पायथनमध्ये युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ आहे, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगलाच नॉर्मलाइझ आहे. एनएफसीमध्ये ऱ सलग राहतो. डिस्कवर आधीपासून असलेल्या फाईल मात्र आहे त्याच नावाने उघडायच्या असतात, म्हणून फोल्डरची यादी वाचून त्यातलं प्रत्येक नाव एनएफसी करून ताडायचं आणि उघडताना मूळ नाव वापरायचं.

८. लांबी

विंडोजवर पूर्ण पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, ड्राइव्हचं अक्षर आणि पाथ संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य धरून. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ती उठवता येते, पण त्यासाठी मशीनवरची सेटिंगही चालू हवी आणि प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्येही, म्हणजे विंडोजला प्रोग्रामची माहिती देणाऱ्या नोंदीतही, तसं लिहिलेलं हवं. लिनक्सवर एका नावाला २५५ आणि पूर्ण पाथला ४०९६ अशी मर्यादा असते, मात्र ती बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-हलंतही वेगळे मोजून. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं. विंडोजवर एका नावात दोन-दोन बाइटांची २५५ एककं बसतात आणि देवनागरीचं चिन्ह एकच एकक घेतं, त्यामुळे तिथलं शंभर चिन्हांचं शीर्षक लिनक्सवर उतरतच नाही. नाव कापायची वेळ आली तर बाइटवर कापू नका. अक्षर मधोमध तुटतं.

९. फाईल्स ठेवायच्या कुठे

सेटिंग्ज प्रोग्रामच्या शेजारी ठेवायची जुनी सवय सोडा. विंडोजवर त्या ॲपडेटामध्ये, मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर होममधल्या .कॉन्फिगमध्ये जातात. पायथनसाठी प्लॅटफॉर्मडर्स ही छोटी लायब्ररी हे सगळं सांभाळते. तात्पुरत्या फाईल्ससाठी ‘/टीएमपी’ असं लिहू नका, भाषेच्या टेम्पफाईल सुविधेकडे जागा मागा.

इथेच वागणुकीतले दोन फरकही लक्षात ठेवा. उघडी फाईल लिनक्सवर खुशाल पुसता येते. विंडोजवर ती सहसा पुसू देत नाही, म्हणून आधी बंद करा. आणि पायथनचं रीनेम लिनक्सवर जुन्या फाईलवर नवी बसवतं, तर विंडोजवर आधीच फाईल असेल तर एरर देतं. दोन्हीकडे सारखं वागणारं फंक्शन रिप्लेस आहे.

१०. तिन्ही सिस्टीमवर चालवून बघा

प्रत्येक बदलानंतर चाचण्या विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स तिन्हींवर आपोआप चालतील अशी व्यवस्था लावा. स्वयंचलित चाचणीच्या बहुतेक सेवांमध्ये हे काही ओळींच्या कॉन्फिगरेशनमध्ये होतं. चाचण्या ज्या फोल्डरमध्ये चालतात त्याचं नाव मुद्दाम अवघड ठेवा. मी त्यात एक मोकळी जागा, एक मोठं रोमन अक्षर, एक कंस आणि एक सलग ऱ घालतो, आणि त्याच्या आत, नावात ‘र’ व नुक्ता सुटे असलेली एक फाईल ठेवतो. चाचणीची पहिली ओळ ती फाईल उघडते. ती उघडली, तरच पुढच्या चाचण्या चालतात.